२९ चे ४ झाले, एवढंच उत्तर नको

धनजचे विद्यार्थी, शिक्षक आणि ऑनलाइन ऐकणारे सगळे श्रोते, आजचा विषय परीक्षेचा आहे. कामगार कायद्यातले बदल आपण परीक्षेसाठी ज्या पद्धतीनं शिकतो, त्या पद्धतीवर मला थोडी टीका करायची आहे.

नेहमीचं उत्तर काय असतं? २९ केंद्रीय कायदे एकत्र करून ४ संहिता केल्या, कायदे सुटसुटीत झाले. मग चार नावं. वेतन संहिता २०१९ ची, बाकी तीन २०२० च्या, अंमल २१ नोव्हेंबर २०२५ पासून. हे खोटं नाही. पण या उत्तरात कामगारही दिसत नाही आणि मालकही दिसत नाही. कायदा बदलला म्हणजे त्या दोघांत कुणी कुणाला विचारायचं, हे बदललं. नेमकं तेच आपण गाळतो.

एक आकडा बघा. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. त्यात १९७६ साली तरतूद आली की ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपात करायची असेल, कारखाना बंद करायचा असेल, तर आधी सरकारची परवानगी हवी. १९८२ च्या दुरुस्तीनं ती मर्यादा १०० वर आणली. औद्योगिक संबंध संहितेत ती पुन्हा ३०० झाली, आणि अधिसूचना काढून सरकार ती आणखी वाढवू शकतं. म्हणजे २०० कामगारांच्या कारखान्यात कपात करताना नोटीस आणि भरपाई द्यावी लागेल, पण परवानगी मागावी लागणार नाही. उद्योजक म्हणतात, परवानगीच्या धास्तीनं कारखाने वाढत नव्हते. संघटना म्हणतात, नोकरीचा आधार गेला. उत्तरात दोन्ही बाजू यायला हव्यात.

दुसरा आकडा ५१ टक्क्यांचा. एकापेक्षा जास्त संघटना असतील तर ५१ टक्के कामगार जिच्याकडे, ती वाटाघाटी करणार. याचं महत्त्व कळायला मुंबईचा गिरणी संप आठवा. १८ जानेवारी १९८२ ला तो सुरू झाला. कामगार दत्ता सामंतांच्या मागे होते, पण कायद्यानं मान्यता होती राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगारांच्या वतीनं बोलायचं कुणी, हाच तिथं मोठा पेच होता. ही गोष्ट सांगितली तर ५१ टक्के पाठ करावे लागत नाहीत.

बदलात कामगाराच्या फायद्याचंही आहे. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरच्या माणसाला आता पाचऐवजी एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळू शकते. किमान वेतन पूर्वी यादीतल्या रोजगारांपुरतं होतं, आता सगळ्यांना आहे. उलट संपासाठी १४ दिवसांची नोटीस पूर्वी सार्वजनिक उपयोगाच्या सेवांना लागायची, आता सगळ्याच आस्थापनांना लागते. म्हणून "संहिता चांगल्या की वाईट" हा प्रश्नच कच्चा आहे. एकेक तरतूद घेऊन बोलावं लागतं.

आता आपल्याकडे या. सोयाबीनची सोंगणी गुत्त्यानं दिली जाते, तिथं ३०० चा आकडा लागतच नाही. बाजारात पोती उचलणाऱ्या हमालाला तर एकच एक मालक नसतो. त्याच्यासाठी महाराष्ट्रानं १९६९ साली माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटलांनी बांधलेली माथाडींची चळवळ त्याच्यामागे होती. मजुरी मंडळामार्फत द्यायची आणि तिच्यासोबत मालकानं लेव्हीही भरायची, अशी रचना आहे. कामाचं नातं कसं आहे ते बघून हा कायदा केला गेला. अभ्यासात असं उदाहरण हवं.

शिक्षकांना विनंती आहे. "चार संहितांची नावे लिहा" हा प्रश्न असू द्या, पण सोबत एक जोडा : "२०० कामगारांच्या कारखान्यात २०२५ च्या आधी आणि नंतर काय बदललं? कुणासाठी?" आणि मुलांनो, प्रत्येक तरतुदीखाली एक ओळ लिहा, ही कुणाला लागू होते आणि कुणाला होत नाही. मार्क त्यानं कमी होणार नाहीत. उद्या तुम्ही कुठं कामाला लागाल, तेव्हा नेमणूकपत्र वाचताना हीच ओळ उपयोगी पडेल.

आता प्रश्न घेऊ.