शिलावर्तुळे आणि स्तूप : पुराव्याची मर्यादा

विदर्भातील महापाषाणयुगीन शिलावर्तुळांविषयी अभ्यासकाला आजही प्रथम डॉ. शां. भा. देव यांच्या उत्खनन-अहवालांकडेच वळावे लागते. टाकळघाट-खापा (१९६८-६९) व माहुरझरी (१९७०-७२) येथील उत्खननांचे अहवाल नागपूर विद्यापीठाने अनुक्रमे १९७० व १९७३ साली प्रसिद्ध केले. मोठमोठ्या शिळांचे कडे, आत माती व दगडगोट्यांची भर, तिच्याखाली मानवी अस्थी, लोखंडी हत्यारे आणि काळी-तांबडी मृद्भांडी, अशी ही दफनस्मारके इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील आहेत. माहुरझरीस तर तांब्याचे अलंकार ल्यालेला घोडाही मृतासोबत पुरलेला आढळला. या नोंदींचे मोल वादातीत आहे.

परंतु हे अहवाल इंग्रजीत आहेत. ज्या गावांच्या शिवारात ही वर्तुळे उभी आहेत, तेथील मराठी वाचकाला ते दुर्गमच राहिले. ही उणीव सामान्य नव्हे. कारण जेथे पुरावा पोहोचत नाही, तेथे तर्क स्वैर होतो.

आमच्याच काही लेखकांनी या वर्तुळांना सरसकट 'नागांची स्मारके' व स्तूपाचे पूर्वरूप ठरविले आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाग लोकांच्या धम्मकार्याचे स्मरण केले, हे खरे. तथापि त्यांच्या वचनाचा आधार घेऊन मुक्या शिळांना नाव देणे हे त्यांच्या चिकित्सक वृत्तीशी सुसंगत नाही. या वर्तुळांत मृताचे वा त्याच्या वंशाचे नाव सांगणारा लेख नाही. वर्तुळाकार रचना व अस्थी एवढे साम्य वंशसंबंध सिद्ध करण्यास पुरेसे नाही.

नागाचा लेखी पुरावा हवा असेल, तर तो पवनीस आहे. तेथील १९६९-७० च्या उत्खननात स्तूपाच्या अवशेषांमध्ये मुचलिंद नागाचे नावानिशी शिल्प मिळाले. पिशोर परिसरातील वाचकांना तर फार दूर जाण्याचेही कारण नाही. त्यांच्याच कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्यास यक्षमूर्तीच्या हातावर कण्हदास नावाच्या सुवर्णकाराने आपले नाव कोरले आहे, आणि स्तंभावर पैठणच्या मितदेवाचे दान नोंदले आहे.

आमच्या मते खरा भेद येथेच आहे. शिलावर्तुळ रचण्यास अनेकांचे हात लागले असतील. पण ते कोणाचे, हे शिळा सांगत नाहीत. पितळखोऱ्यात मात्र कारागीर स्वतःच्या नावाने उभा आहे. धम्माने घडविलेले हे परिवर्तन पुराव्यानिशी मांडता येते. त्यासाठी कल्पित वंशावळीची गरज नाही. परंपरेने सांगितले म्हणून स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना बजावले होते. तोच निकष आपल्याला प्रिय असलेल्या मतांनाही लावला पाहिजे. या अहवालांचा मराठी अनुवाद करणे हे त्या दिशेचे पहिले कार्य ठरेल.