झॉडची मान आणि त्यानंतरचा सीन

इंजिनीअरिंगला असताना हॉस्टेलवर एका लॅपटॉपभोवती आठ-नऊ जण कोंबून बसून आम्ही ‘मॅन ऑफ स्टील’ (२०१३) पाहिला. सुपरमॅनने जनरल झॉडची मान मोडली आणि खोलीत दोन तट पडले. अर्धे शिट्ट्या मारत होते, अर्धे ‘अरे, सुपरमॅन मारत नसतो!’ म्हणून वैतागले होते. मी वैतागलेल्यांत होतो. आमचा मुद्दा चुकीचा होता, हे मला बरंच नंतर कळलं.

सुपरमॅनने कॉमिक्समध्येही मारलंय. जॉन बर्नच्या १९८८ सालच्या ‘सुपरमॅन’च्या २२व्या अंकात तो तीन क्रिप्टोनियन गुन्हेगारांना हिरव्या क्रिप्टोनाइटने संपवतो. त्यातला एक झॉडच. तेही झटापटीत नाही, त्यांची शक्ती आधीच काढून घेतल्यावर. सिनेमातला सुपरमॅन निदान डोळ्यांसमोर भाजून निघणार असलेल्या एका कुटुंबासाठी मारतो, आणि त्याआधी झॉडला थांबायची विनवणी करतो. बॅटमॅनचं तर विचारूच नका. १९३९च्या पहिल्याच गोष्टीत त्याच्या ठोशाने खलनायक अ‍ॅसिडच्या टाकीत पडतो आणि त्याला काही वाटत नाही. न मारण्याचा नियम नंतरचा. दर महिन्याला अंक काढायचा तर जोकर जिवंत लागतो. सिनेमाला मात्र अडीच तासांत शेवट हवा असतो, म्हणून तिथे खलनायक मरतो. इथपर्यंत माझी तक्रार नाही.

प्रश्न आहे मारल्यानंतरचा. कॉमिक्समध्ये ती हत्या सुपरमॅनला पुढचे कित्येक अंक पोखरत राहते. तो स्वतःच्याही नकळत दुसऱ्याच एका हिरोचा वेष घालून रात्री फिरू लागतो, आणि ते कळल्यावर पृथ्वी सोडून अंतराळात निघून जातो. सिनेमात हेन्री कॅव्हिल जो टाहो फोडतो, तो खरा वाटतो. मला आजही तो त्या सिनेमाचा सर्वांत चांगला क्षण वाटतो. पण पुढच्याच सीनमध्ये तो सैन्याचा ड्रोन पाडून जनरलशी थट्टेच्या सुरात बोलतो, आणि शेजारची अधिकारी तो देखणा आहे म्हणून हसते. टाहोचा मागमूस नाही.

‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’मध्ये (२०१६) हिशेब होतो, असं कुणी म्हणेल. होतो, पण पडलेल्या इमारतींचा. मोडलेल्या मानेचा नाही. शिवाय तो मागणारा बॅटमॅन स्वतः गाडीवरच्या मशीनगनने माणसं उडवत सुटलेला असतो.

नोलनची लबाडी जरा हुशार आहे. ‘बॅटमॅन बिगिन्स’मध्ये (२००५) ब्रूस वेन एका कैद्याला मारायला नकार देतो आणि दोन मिनिटांत तो सगळा अड्डाच स्फोटाने उडवतो. त्या कैद्याचं काय झालं, सिनेमा सांगत नाही. शेवटी रा’ज अल घुलला तो मारत नाही, फक्त वाचवत नाही. रेल्वेचा मार्ग मात्र त्यानेच गॉर्डनकरवी उडवलेला असतो. ‘मी फक्त मर्ज केलं, कोड माझा नव्हता’ म्हणणारे आमच्या धंद्यातही असतात.

परवा ‘मॅन ऑफ स्टील’ पुन्हा पाहिला, तेव्हा हॉस्टेलची ती रात्र आठवली. ड्रोनचा सीन आला आणि दोन्ही तट एकदम हसले होते. झॉडबद्दल नंतर कुणीच भांडलं नाही. मेस बंद व्हायला दहा मिनिटं उरली होती.