खाटेवरून उभारलेले चॅपेल

एखाद्या अपंग कलावंताची कृती पाहिली, की ‘अपंगत्वावर मात करून’ हे शब्द आपल्या तोंडी सहज येतात. फ्रान्समधील व्हान्स येथील रोझरी चॅपेलला मात्र ते लागू पडत नाहीत. त्या वास्तूचे सौंदर्य अपंगत्वाचाच हात धरून आले आहे.

चित्रकार हेन्री मातिस यांच्यावर १९४१ साली कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांचे बहुतेक आयुष्य खाट आणि चाकांची खुर्ची यांवरच गेले. साहाय्यकांनी रंगवून दिलेले कागद कात्रीने कापून ते चित्रे रचू लागले. त्यांची शुश्रूषा केलेली एक तरुणी पुढे डॉमिनिकन धर्मभगिनी झाली. तिच्याच निमित्ताने, अठ्ठ्याहत्तरी गाठलेल्या मातिस यांनी १९४८ साली या चॅपेलचे काम हाती घेतले.

चॅपेलच्या खिडक्या ही त्या कात्रीचीच देणगी. निळा, हिरवा व पिवळा असे तीनच रंग आणि पानांसारखे साधे आकार. पांढऱ्या फरश्यांवर काळ्या रेषांत संत डॉमिनिक आणि बालयेशूसह पवित्र मरिया आहेत; त्यांच्या चेहऱ्यांवर नाक-डोळे नाहीत. या चित्रांची तयारी मातिस यांनी लांब बांबूच्या टोकाला कोळसा बांधून केली. अशा साधनाने बारीक कलाकुसर साधत नाही; आवश्यक तेवढेच उरते. प्रार्थनेलाही याहून अधिक काय हवे असते?

चौदा स्थानांची ‘क्रुसाची वाट’ एकाच भिंतीवर, खडबडीत रेषांत आहे. ती काहींना ओबडधोबड वाटेल. परंतु तो थकल्या हाताचा दोष नव्हे. तिच्यामागे कितीतरी पूर्वरेखाटने आहेत. वेदनेची वाट गुळगुळीत कशी असेल?

तथापि दुःखाचे उदात्तीकरण नको. मातिस यांच्यापाशी कीर्ती होती, साधने होती, साहाय्यक होते. अपंगत्वातून कला आपोआप जन्मत नाही; तिला इतरांचे हात लागतात. आपल्या धर्मग्रामांत आजाऱ्यांसाठी आपण मनोभावे प्रार्थना करतो. पण नवे चर्च बांधताना आराखड्यावर चाकांच्या खुर्चीतील बांधवाचे मत घेतो का? पायऱ्यांशेजारी उतरण बांधणे ही सोय झाली. ती कोठे असावी, वेदी कोठून दिसावी, हे त्याला विचारणे म्हणजे त्याच्या प्रतिभेचा मान राखणे.

२५ जून १९५१ रोजी चॅपेलचे पवित्रीकरण झाले. प्रकृतीमुळे मातिस त्या सोहळ्याला येऊ शकले नाहीत. स्वतः दाराशी न पोहोचलेल्या त्या वृद्धाने इतरांसाठी प्रार्थनेचे दार उघडून ठेवले होते.