अनुमानदर्शक इंग्रजी क्रियापदें व आपलें संशोधन

इंग्रजी संशोधनग्रंथांतील उतारे मराठींत घेतांना नांवें, शक व मित्या यांविषयीं आपल्याकडे पुष्कळ खबरदारी बाळगली जाते. विधानाची जबाबदारी वाहणाऱ्या क्रियापदाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. आमच्या मतें हा दोष मितीच्या चुकीहून लहान नाहीं.

या इंग्रजी क्रियापदांची एक उतरंडच आहे. 'प्रूव्ह' व 'डेमॉन्स्ट्रेट' यांत लेखक निष्कर्षाची पूर्ण हमी घेतो. 'इंडिकेट' म्हणजे पुरावा त्या दिशेकडे बोट दाखवितो. 'सजेस्ट' म्हणजे तसा तर्क करण्यास जागा आहे, इतकेंच. दुसऱ्याचें मत सांगतांनाही असाच भेद असतो. 'पॉइंट आउट' लिहिणारा तें मत स्वतः मान्य करतो. 'आर्ग्यू' लिहिणारा युक्तिवाद ज्याचा त्याच्या पदरीं ठेवतो. 'क्लेम' लिहिणारा बहुधा संशयानें दूर उभा राहतो. या तिहींस सरसकट 'म्हणतो' असें लिहिलें कीं मूळ लेखकाचा अभिप्रायच पुसला जातो.

उदाहरण अशोकाच्या लेखांचें घेऊं. 1837 सालीं जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपि उलगडली. लेखांतील 'देवानांपिय पियदसि' कोण, याविषयीं त्यांचा पहिला तर्क सिंहलद्वीपाच्या एका राजाकडे गेला. त्याच वर्षीं जॉर्ज टर्नोर यांनी 'दीपवंस' या पालि ग्रंथाच्या आधारें पियदसि म्हणजेच अशोक असें दाखविलें, व प्रिन्सेप यांनी आपलें मत बदललें. ही ओळख बळकट होती, पण ग्रंथाच्या साक्षीवर उभी होती. 1915 सालीं रायचूर जिल्ह्यांत मास्की येथें सांपडलेल्या शिलालेखांत 'देवानांपिय' या बिरुदासह 'अशोक' हें नांव मिळालें, तेव्हां खुद्द शिलेचीच साक्ष झाली. तीन पायऱ्या, तीन क्रियापदें: पहिलीस 'सजेस्ट', दुसरीस 'इंडिकेट', तिसरीस 'प्रूव्ह'. पहिल्याच पायरीवर कोणी 'सिद्ध झालें' असें लिहून ठेवलें असतें, तर सिंहली राजा आपल्या ग्रंथांत किती काळ राज्य करिता, कोण जाणे!

मराठींत ही उतरंड नाहीं असें नव्हे. 'सिद्ध होतें', 'दिसतें', 'अनुमान होतें', 'संभवतें', 'असावें' हीं सर्व आपलींच आहेत. शिवाय 'अमक्यावरून' म्हणतांच पुरावा कोणता तेंही कळतें. अडचण वाक्यरचनेची आहे. इंग्रजींत सावधगिरीचा शब्द बहुधा आधीं येतो, मराठींत तो वाक्याच्या शेवटीं येतो. आणि टिपण करणारा नेमकें शेपूटच तोडतो. 'हें पत्र अमक्याचें असावें' अशी रुमालावरील चिठ्ठी यादींत उतरतांना 'पत्र अमक्याचें' एवढीच उरते, व पुढील लेखक त्या यादीसच पुरावा मानतो.

उलट दिशेचा दोषही सांगितला पाहिजे. 'असण्याचा संभव असावा असें वाटतें' अशा तिहेरी आडपडद्यानें सावधगिरी वाढत नाहीं. लेखकाचें मत मात्र लपतें. एका अनुमानास एकच संशयदर्शक शब्द पुरे.

कागद जपणाऱ्यांस आमची विनंती इतकीच कीं, नक्कल करतांना अक्षरास जो मान देतां तोच या शेवटच्या क्रियापदास द्यावा. तें बदलणें म्हणजे साक्षीदाराची जबानी बदलणें होय.