हेस्टिंग्जच्या पटावरचा देशी डाव

परदेशातल्या मराठी मंडळांच्या स्मरणिका चाळल्या की काही गोष्टी हमखास भेटतात. ढोल-ताशा पथक, दिवाळी पहाट, मराठी शाळेतल्या मुलांची छायाचित्रे, आणि वाशीच्या एपीएमसी मार्केटमधून विमानाने आलेल्या हापूसच्या पेट्यांची जाहिरात. बुद्धिबळ सहसा कुठे नसते. ते खेळांच्या पानावर ढकलले जाते आणि ते पान क्रिकेटने आधीच अडवलेले असते. पण इथून गेलेल्या आणि परदेशात जिवंत राहिलेल्या कलांची यादी खरोखर करायची ठरवली, तर देशी बुद्धिबळाला डावलून चालणार नाही.

देशी डाव म्हणजे आपल्या पणजोबांचा डाव. प्रांतागणिक नियम थोडेफार बदलत, पण चाल साधारण एकच. प्यादे एकेक घर पुढे सरकायचे. शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याला वाटेल ते होता येत नसे. ज्या मोहऱ्याच्या रांगेत ते पोचले, तेच मोहरे त्याला मिळायचे. आजचे कॅसलिंग नव्हते. राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारायची मुभा असे, तीही त्याला शह बसण्याआधी. अशा डावात सुरुवातीला धुमश्चक्री होत नाही. दोन्ही बाजू आपापली फळी रचत बसतात, आणि खरा खेळ मध्यापासून पुढे, मोहरी कमी झाल्यावर रंगतो.

या डावाचा अभ्यासही होत असे. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची कारकीर्द चालू असताना, १८१४ साली, मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. लेखक तिरुवेंगडाचार्य शास्त्री, मूळ ग्रंथ संस्कृत. त्यात मुख्यतः पटावरच्या अवघड स्थिती मांडून त्या सोडवून दाखवल्या होत्या, आणि त्या युरोपीय नियमांशी जुळवून घेतल्या होत्या. देशी विद्या परक्या नियमांत बसवण्याचा एवढा जुना छापील प्रयत्न आपल्या मुंबईत झाला, हे मुंबईकरांनाही फारसे ठाऊक नसते.

कलकत्त्यात १८४८च्या सुमारास जॉन कॉक्रेन नावाचा इंग्रज बॅरिस्टर महेशचंद्र बॅनर्जी यांच्याबरोबर डावांमागून डाव खेळला. युरोपात त्या काळी पहिल्या दोन-तीन चालींत मध्यभाग बळकावण्याची फॅशन होती. महेशचंद्र मात्र प्यादे एक घर सरकवून, उंट कोपऱ्यातून रोखून, प्रतिस्पर्ध्याला पुढे येऊ देत. ते डाव छापले गेले म्हणून टिकले. आज जगभरच्या क्लबांत ‘किंग्ज इंडियन’ या नावाने खेळली जाते ती रचना याच वळणाची आहे.

तरीही हा सगळा झाला इतिहास. देशी हाताचे खरे बळ पाहायचे तर एक डाव पहिल्या चालीपासून शेवटपर्यंत लावून पाहावा लागतो. त्यासाठी निवड सोपी आहे: इंग्लंडमधली हेस्टिंग्जची स्पर्धा, १९३०-३१. पांढरी मोहरी मीर सुलतान खान, काळी मोहरी होजे राऊल कापाब्लांका.

सुलतान खान पंजाबातल्या मिठा टिवाणा गावचे. बुद्धिबळ वडिलांकडून शिकले, अर्थात देशी नियमांचे. युरोपीय नियम तरुणपणी आत्मसात केले. १९२८ साली अखिल भारतीय स्पर्धा जिंकली आणि पंजाबातले बडे जमीनदार सर उमर हयात खान यांच्या लवाजम्याबरोबर ते १९२९ साली इंग्लंडला गेले. त्याच वर्षी ब्रिटिश विजेतेपद त्यांच्याकडे आले. ओपनिंगचा त्यांचा पुस्तकी अभ्यास तोकडा होता, हे तेव्हाचे सगळेच जाणकार सांगत. समोर बसलेला कापाब्लांका १९२१ ते १९२७ जगज्जेता होता आणि शेवटाच्या डावात त्याच्याइतका निर्दोष खेळाडू त्या काळात दुसरा नव्हता.

सुरुवात शांत होते. पांढऱ्याचा घोडा निघतो, मग डी४, सी४. काळा आपला उंट बी७ वर आणतो. पाचव्या चालीला पांढरा ए३ खेळतो: कडेचे प्यादे, फक्त एक घर. काळ्याचा दुसरा उंट बी४ वर येऊन त्रास देऊ नये, एवढाच हेतू. वाया गेल्यासारखी दिसणारी ही चाल पुढे जगज्जेत्या तिग्रान पेट्रोस्यानने या ओपनिंगमध्ये नावारूपाला आणली. कापाब्लांका घोडा ई४ वर रोवतो, मागून एफ५ चा टेकू देतो. इथवर काळ्याची तक्रार करण्यासारखे काही नाही.

बाराव्या चालीला पांढऱ्याचा घोडा बी५ वर उडतो आणि पुढच्याच चालीला डी६ वरचा उंट मारतो. आता पांढऱ्याकडे दोन्ही उंट, काळ्याकडे एकच, आणि तोही बी७ वर. सतराव्या चालीला ई४ वर मारामारी होते. काळ्याची प्यादी डी५ आणि ई४ वर अशी अडकतात की त्यांच्यामागचा तो उंट आपल्याच माणसांनी कोंडला जातो. तो उंट पुढे डावभर आठवणीत ठेवावा. बहुतेक विश्लेषणे वजिराच्या बलिदानापाशी रेंगाळतात. वास्तविक डाव या कोंडलेल्या उंटावर हरला गेला आहे.

पांढरा एच४, जी४, जी५ असा राजाच्या बाजूने चालून जातो. कॅसलिंग त्याने केलेलेच नाही, आणि शेवटपर्यंत करणारही नाही. कापाब्लांका दोन्ही हत्ती सी रांगेत एकामागे एक उभे करतो. एकविसाव्या चालीला पांढरा उंट जी४ वर येऊन मागच्या हत्तीवर नेम धरतो. काळा हत्ती सी१ वर घुसतो: शह. राजा डी२. दुसरा हत्ती सी२ वर: पुन्हा शह. इथे सुलतान खान वजीर देऊन दोन्ही हत्ती घेतात.

पुस्तकी हिशेबात वजीर विरुद्ध दोन हत्ती म्हणजे जवळपास बरोबरी. मोकळ्या पटावर वजीर एका हेलपाट्यात राजाला शह देतो आणि प्यादेही टिपतो. कापाब्लांकाचा तोच इरादा असणार. पण पट मोकळा नाही. वजीर सी७, मग सी४, मग बी३ वर येतो. दरवेळी पांढऱ्याची एक शांत चाल त्याला हुसकावते. उंट ई२ वर परततो, एक हत्ती बी१ वर जाऊन प्यादे राखतो, दुसरा सी१ वर येतो. तिसाव्या चालीला बी४ खेळले जाते आणि काळा वजीर डी७ वर माघार घेतो. एवढे फिरून त्याच्या पदरात एक प्यादेही पडलेले नाही.

यानंतर जे चालते ते दुसऱ्या खेळाडूने कदाचित बरोबरीत सोडले असते. सुलतान खान घाई करत नाहीत. हत्ती या रांगेतून त्या रांगेत, राजा एक घर इकडे, एक घर तिकडे. काळ्याला करण्यासारखे काही उरत नाही, वाट पाहण्यापलीकडे. पासष्टाव्या चालीला कापाब्लांकाने डाव सोडला. एकही चमकदार हल्ला न होता एक माजी जगज्जेता हळूहळू आवळला गेला. याला कंटाळवाणा डाव म्हणणारेही आहेत. त्यांनी तो काळ्या बाजूला बसून खेळून पाहावा.

यातली प्रत्येक चाल देशी सवयीतून आली असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. जी४ ही दोन घरांची उडी देशी डावात बसत नाही. पण मध्यात ठेवलेला राजा, घट्ट फळी, आणि कमी मोहऱ्यांच्या खेळावरचा विश्वास ही घरची शिदोरी वाटते. त्या स्पर्धेत मॅक्स यूवे पहिला आला, कापाब्लांका दुसरा, सुलतान खान तिसरे. १९३२ आणि १९३३ साली ते पुन्हा ब्रिटिश विजेते झाले. १९३३ची ब्रिटिश महिला स्पर्धा फातिमा यांनी जिंकली. त्याही त्याच उमर हयात खान यांच्या लवाजम्यातल्या. मग मंडळी मायदेशी परतली आणि सुलतान खान स्पर्धांतून दिसेनासे झाले. १९६६ साली ते वारले. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने ग्रँडमास्टरचा मानद किताब दिला तो २०२४ साली.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२चे. म्हणजे लंडनमध्ये मराठी माणसे मंडळ उभे करत होती, त्याच वर्षी त्याच शहरात हा माणूस दुसऱ्यांदा ब्रिटिश विजेता झाला.

मराठी खेळाडूंचा धागा त्यानंतर लांबत गेला. पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४ साली मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी जिंकली. त्यांची धाकटी बहीण रोहिणी १९८१ साली आशियाई विजेती झाली. प्रवीण ठिपसे यांनी १९८५ साली राष्ट्रकुल विजेतेपद केव्हिन स्प्रॅगेटबरोबर विभागून मिळवले. एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोला नाशिकच्या विदित गुजराथीने काळी मोहरी घेऊन हिकारू नाकामुराला हरवले. त्यात एच३ वरचा उंटाचा बळी गाजला. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर किताबही.

या मुलांचे डाव आज संगणक क्षणात तपासून देतो. कुठे चूक झाली ते आकड्यात दिसते; का झाली ते दिसत नाही. ते समजायला पटासमोर दोन माणसे लागतात, चाली परत मागे घेणारी, वाद घालणारी.

म्हणून मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. पुढच्या संमेलनात एका खोलीत आठ-दहा पट मांडा आणि हा हेस्टिंग्जचा डाव मुलांकडून लावून घ्या. आजी-आजोबांना शेजारी बसवा. देशी नियम आठवणारे कुणी ना कुणी निघेल. एकविसाव्या चालीला थांबा आणि मुलांना विचारा: वजीर हवा की दोन हत्ती? मग उरलेला डाव त्यांनाच खेळू द्या.