तराफ्यावरची मधली जागा

माणूस मुळात जनावरच. पोटात आग पडली, वर कायद्याचा दंडुका नसला, की तो शेजाऱ्याचं नरडं धरतो. हा सिद्धांत आता आपल्या अभ्यासवर्गांतही ऐकू येतो. पुरावा म्हणून मंडळी एक चित्र पुढं करतात : जेरिको या फ्रेंच चित्रकाराचं 'मेद्यूजचा तराफा'. तेव्हा दोस्तांनो, त्या चित्राचीच झडती घेऊ.

१८१६ साली 'मेद्यूज' हे फ्रेंच लढाऊ जहाज सेनेगलची वसाहत इंग्रजांकडून परत घ्यायला निघालं. कप्तान शोमारे. घराणं मोठं, राजाशी निष्ठा पक्की, आणि वीसेक वर्षं जहाज हाकलल्याचं नाव नाही. (गुणवत्तेच्या नावानं आपल्याकडं बघून बोटं मोडणाऱ्यांनी हे नाव पाठ करावं.) २ जुलैला त्यानं जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतवलं. माणसं चारशेच्या आसपास, होड्या अपुऱ्या. मग कप्तान, गव्हर्नर आणि बडी मंडळी होड्यांत बसली, नि १४७ जणांना डोलकाठ्या-फळ्या बांधून केलेल्या तराफ्यावर उतरवलं. होड्यांनी तराफा दोरानं ओढत किनाऱ्याला न्यायचा, असं ठरलं होतं. थोड्याच अंतरावर दोर सोडून दिला.

पुढं तेरा दिवस. उरले १५. मधे कत्तल झाली, माणसानं माणसाचं मांस खाल्लं. हे झाकायचं काही कारण नाही. पण कोण कुठं बसलं होतं, ते तरी विचाराल का नाही?

ही हकिकत जगाला कळली ती दोघांमुळं. साविन्यी हा डॉक्टर, कोरेआर हा इंजिनियर. दोघं वाचले, १८१७ साली पुस्तक लिहिलं, सरकारला जाब विचारला. ती हिंमत मानलीच पाहिजे. पण पुस्तक उघडून नीट बघा. हे दोघं अधिकाऱ्यांबरोबर मधे, डोलकाठीपाशी. सैनिक कडेला, कंबरभर पाण्यात. पहिल्या रात्री वीसेक माणसं गेली. कुणाचे पाय फळ्यांच्या सांदीत अडकले, कुणाला लाटेनं ओढून नेलं. दुसऱ्या रात्री सैनिक उठले. दारूचं पिंप फोडलं, तराफ्याचे दोर कापायला धावले. साठाच्या वर माणसं त्या रात्री संपली. मधल्या गटातले गेले दोन, आणि अधिकारी एकही नाही! हा हिशेब पुस्तकातलाच आहे, माझा नाही. आणि तेच पुस्तक सैनिकांना तुरुंगातला गाळ म्हणतं, त्यांच्या अंगावरचे डाग दाखवतं. मधल्यांनी तलवार चालवली तर स्वसंरक्षण, कडेच्यानं चालवली तर पशुत्व. ही भाषा आपल्या ओळखीची हाय.

पुढं २७ उरले. त्यातले बाराएक मरणाच्या दारात. दारू थोडीच शिल्लक. मधल्यांनी बैठक घेतली आणि आजाऱ्यांना समुद्रात लोटायचं ठरवलं. त्यात तराफ्यावरची एकमेव बाई होती. पलटणीमागं फिरून सैनिकांना खाणं-पिणं पुरवणारी. पाय मोडलेला. आदल्या दंगलीत ती पाण्यात पडली तेव्हा तिला याच कोरेआरनं ओढून वर घेतलं होतं. आता नवऱ्यासकट फेकली. लोटायचं काम केलं तीन खलाशांनी नि एका सैनिकानं. ठराव वरच्यांचा, हात खालच्यांचे! बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेची जी उतरंड दाखवली, ती इथं सात मीटर रुंदीच्या फळ्यांवर मांडलेली दिसते. मग 'माणुसकी कोसळली' कशापायी म्हणायचं? जहाज फुटलं, उतरंड शाबूत राहिली. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत नागपट्टिणमकडच्या छावण्यांत पाण्याच्या टाकीपाशी दलितांना अडवल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. घरदार, भांडीकुंडी, पोरंबाळं समुद्रानं नेली. जात तेवढी किनाऱ्यावर कोरडी राहिली.

आता जेरिको. त्यानं डोकं भादरून स्वतःला कोंडून घेतलं, इस्पितळातून तोडलेले हातपाय आणून अभ्यासले. दंगलीची कच्ची चित्रं काढली, मांस खाण्याचीही काढली, आणि ती बाजूला ठेवली. १८१९ साली प्रदर्शनात लावलेल्या जवळजवळ पाच मीटर उंच कॅनव्हासवर त्यानं घेतला तो क्षितिजावर 'आर्ग्युस' हे जहाज ठिपक्याएवढं दिसल्याचा क्षण. म्हणजे जे लोक हे चित्र पशुत्वाचा पुरावा म्हणून नाचवतात, त्यांनी चित्र पाहिलंच नाही. त्यात कुणी कुणाला फाडत नाही. आणि सगळ्यांच्या वर, पिंपावर चढून कापड हलवणारा माणूस काळा आहे. गुलामांचा व्यापार चोरून चालू असण्याच्या काळात ही जागा एका काळ्या माणसाला देणं, हे जेरिकोचं खरं मोठेपण.

तरी माझी तक्रार आहे. उपाशी माणसं त्यानं पैलवानांसारखी रंगवली. तेरा दिवसांची भूक त्या दंडांवर कुठं दिसत नाही. ती बाई नाही. आणि दोर नाही. लाटा आहेत, वारा आहे, आभाळ भरून आलंय, सगळा दोष निसर्गाचा वाटावा अशी रचना आहे. शोमारे चित्राबाहेर सुखरूप. त्याला लष्करी न्यायालयानं तीन वर्षांची कैद दिली.

वाचलेल्या पंधरांतही एक काळा सैनिक होता, जाँ शार्ल. किनाऱ्याला लागल्यावर थोड्याच दिवसांत जे पाच मेले त्यात तो होता. चित्रातला काळा माणूस आपल्याकडं पाठ करून उभा आहे.