हिवाळ्यातले चार सिनेमे

बाहेर बर्फ साचला की आमच्या घरी सिनेमांचा सपाटा सुरू होतो. या महिन्यात चार पाहिले. तुम्हीही यातले काही पाहिले असतीलच. माझं म्हणणं पटलं नाही तर खुशाल भांडा.

'वाळवी' (2023) बघायला उशीरच झाला. बायकोनं आत्महत्या केली असा बनाव रचून तिचा काटा काढायचा, हा नवऱ्याचा आणि त्याच्या प्रेयसीचा बेत. पुढचं सांगितलं तर तुम्ही मला माफ करणार नाही. परेश मोकाशी मरणाभोवती हसवत राहतात आणि सुबोध भावे तर कहर आहे. निखळ मजा.

'गॉडझिला मायनस वन' लेकाच्या आग्रहावरून पाहिला. व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर त्याला मिळालं ते रास्तच, पण मला धरून ठेवलं ते युद्धात मरायला पाठवलेल्या आणि जिवंत परतल्याची लाज वाटणाऱ्या वैमानिकानं. शेवटी मात्र दिग्दर्शकाचं मन द्रवतं आणि तिथे सिनेमा जरा घसरतो.

'पास्ट लाइव्हज'बद्दल आपल्या मंडळींनी खूप लिहिलंय. बारा वर्षांची नोरा सोल सोडून टोरांटोला येते, मोठी होऊन न्यू यॉर्कला. सगळे रडतात ते शेवटच्या प्रसंगाला. मी अडकलो त्याआधीच: तिचा अमेरिकन नवरा म्हणतो, तू झोपेत फक्त कोरियनमध्ये बोलतेस. तक्रार एवढीच, की तिघंही फारच शहाण्यासारखी वागतात. एकदा तरी कुणी आवाज चढवायला हवा होता!

आणि रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं'. 2025मध्ये सनडान्सला त्याला परदेशी कथापटांतलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. तिथे नातेवाइकांचे नियम, लग्नाची भुणभुण, आणि लहानपणचा मित्र बाळ्या. दोन पुरुषांचं प्रेम इतक्या साधेपणानं मराठीत मी तरी पाहिलेलं नाही. आईला सारं ठाऊक आहे, आणि त्याचा गाजावाजा नाही.

पण मला बोचले ते ते दहा दिवस. माझे बाबा गेले तेव्हा पाच दिवसांची रजा मिळाली होती, त्यातले दोन विमानातच गेले. दहावा मी इथे स्वयंपाकघरात उभा राहून व्हिडिओ कॉलवर पाहिला. कावळा शिवेना, आणि फोन धरून धरून चुलतभावाचा हात भरून आला. शेवटी तो म्हणाला, "दादा, ठेवू का?" मी हो म्हणालो.

आनंदला ते दिवस आधी शिक्षा वाटतात. कॅमेरा हलत नाही, माणसं नुसती बसून असतात. मधला भाग रेंगाळतो, असं मी बायकोला म्हणालोही. दुसऱ्या दिवशी ती झोपल्यावर तोच भाग पुन्हा लावला.